माझ्या एमिलला गद्दार म्हणणारे

माझ्या भावाला, एमिल कुबिचेकला, ज्यानं पहिल्यांदा गद्दार म्हटलं त्या वेंडेल प्रोकोपच्या शेतात आज सोयाबीन उभं राहतं ते माझ्यामुळे. त्याच्या बापाच्या काळात तिथं नुसती बेडकं पिकायची. जमिनीखालून पाण्याचा निचरा करणारे पाइप मी टाकले, रूडी कुबिचेकनं. आयोवातल्या आमच्या हार्लन फोर्क गावाच्या आसपासची अर्धी काउंटी मी कोरडी केलीय. शाळा मी दहावीत सोडली आणि त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

पण मी माझं कौतुक सांगायला बसलेलो नाही. सांगायचंय एमिलचं. तो स्वतः सांगणार नाही, आणि गावात जे सांगतात ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

एमिल माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. लहानपणापासून हा गडी कमरेला पट्टाही लावतो आणि खांद्यावरून गॅलसही घालतो. विचारलं तर म्हणायचा, "पट्टा तुटला तर?" लग्नाच्या वेळी त्यानं आमच्या चेक लोकांचा बोहेमियन हॉल ठरवला, आणि त्या दिवशी वादळानं छप्पर उडालं तर काय करायचं म्हणून लुथरन चर्चचं तळघरही ठरवून ठेवलं. आम्ही कॅथलिक. आमचे फादर पुढं कितीतरी दिवस त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचे. वादळ काही आलं नाही. नवरीचे, डार्लीनचे वडील म्हणाले, "जावईबापू, तळघराचं भाडं पाण्यात गेलं की." एमिल म्हणाला, "गेलं तेच बरं झालं, मामा. उपयोगी पडलं असतं तर लग्नाचं काय झालं असतं?" असा माणूस. मी त्याला आयुष्यभर हसलो, पण बाहेरच्या कुणाला हसू दिलं नाही.

हायस्कूल संपल्या संपल्या तो शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या धान्याच्या गोदामात लागला. आधी झाडू, मग वजनकाटा, मग आत टेबलावर, धान्याच्या खरेदीला. वेंडेल त्याच्यासमोर बसून किती वर्षं सौदे करतोय, विचारा. दर वसंतात, अजून पेरणीही झालेली नसते तेव्हा, आमचे शेतकरी शिकागोच्या वायद्याला थोडं सोयाबीन आधीच विकून ठेवतात. पुढं भाव पडला तर वायद्यात पैसे सुटतात. भाव चढला तर वायद्यात जातात, पण शेतातल्या मालाचे जास्त येतात. कसंही झालं तरी माणूस उभा राहतो. हे एमिलनं वेंडेलला शिकवलं. वेंडेल भाव पडावा म्हणून विकतो का? तो घरी बसून तशी प्रार्थना करतो का? नाही. मग त्याला कुणी स्वतःच्या पिकाचा वैरी म्हटलं का कधी?

हे लक्षात ठेवा, कारण गावात सगळे हेच विसरले.

डार्लीनची मूत्रपिंडं गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला बसावं लागतं. आमच्या छोट्या हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला त्याची एक खोली होती. चार खुर्च्या, खिडकीतून मक्याचं शेत. ती खोली एक बाहेरची कंपनी चालवायची, आणि परवडत नाही, बंद करणार, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. ती बंद झाली तर पुढची खुर्ची दीड तासावर. जायला दीड, तिथं चार, यायला दीड. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असला तर देवालाच ठाऊक. आणि एमिलचे डोळे अंधारात गाडी चालवायच्या लायकीचे राहिलेले नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी नाहीत.

त्याच वर्षी आमची डॉक वॉशिंग्टनच्या निवडणुकीला उभी राहिली. कोरीन हॅगेडॉर्न, जनावरांची डॉक्टर. काउंटीतल्या निम्म्या गाई तिच्या हातून व्यालेल्या. तिनं बोहेमियन हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, "मी खासदार झाले तर ही खोली बंद होऊ देणार नाही." समोर ब्रॅन्स्कम नावाचा वकील. त्यानं या खोलीचं नावही घेतलं नाही. लढत अशी चुरशीची की टीव्हीवाले आमच्या पेट्रोल पंपावर येऊन लोकांना पकडून विचारायचे, कुणाला मत देणार?

एमिल त्या दिवसापासून डॉकचा ड्रायव्हर झाला. पगार नाही, काही नाही. दिवसा, सोसायटीत रजा टाकून, आपल्या पिकअपमधून तिला सगळ्या मतदारसंघात फिरवायचा. कोणत्या घरात कुत्रं चावतं आणि कोणत्या घरात म्हातारी कॉफी पाजल्याशिवाय सोडत नाही, सगळं पाठ. त्याच्या दारात डॉकच्या दोन पाट्या होत्या. एक वाऱ्यानं पडली तर म्हणून.

सप्टेंबरात एक दिवस तो माझ्याकडं आला, मी शेडमध्ये खोदायच्या मशीनला ग्रीस भरत होतो.

"रूडी, मी बोट विकली."

"कुठली बोट?"

"माझी. मासे पकडायची."

"डोकं ठिकाणावर आहे का? तुझ्या आयुष्यात मजेची ती एकच गोष्ट होती."

मग त्यानं फोन काढून दाखवला. निवडणुकीवरचा बाजार. प्रत्येक उमेदवाराचा एक कागद, म्हणजे कागद नव्हेच, फोनवरचं काहीतरी. उमेदवार जिंकला की त्या कागदाचा एक डॉलर, हरला की शून्य. तोपर्यंत भाव वर खाली. डॉकचा भाव पंचावन्न सेंटच्या आसपास, वकिलाचा पंचेचाळीसच्या. एमिलनं बोटीच्या पैशांचे सगळे कागद वकिलाचे घेतले होते.

मी पाना खाली टाकला. "अरे गाढवा, तू डॉकला दिवसभर फिरवतोस आणि पैसे त्याच्यावर?"

"डॉक जिंकली तर खोली राहते," तो शांतपणे म्हणाला. "मग मला पैसे कशाला हवेत? डॉक हरली तर खोली जाते. मग बोटीचे दुप्पट होतात. त्यात एक जुनी व्हॅन येते, मागं झोपायला बाक असलेली. आणि चालवायला माणूस ठेवता येतो, वर्षभर तरी."

मला राग आला होता, पण त्यात चूक काय आहे ते मला सापडेना. सोयाबीनचं जे करायचं तेच त्यानं बायकोचं केलं होतं.

"कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं.

"का? वाईट काय आहे त्यात?"

हेच. लपवायचं कशाला असतं हे त्याला कधी कळलंच नाही. त्या बाजारात बाकी सगळे खोट्या नावानं बसतात. लांडगा, वादळ, डॉलरबाबा, असली नावं. आमच्या साहेबांनी नाव लिहिलं: एमिल कुबिचेक, हार्लन फोर्क, आयोवा. वर स्वतःचा फोटो. सोसायटीची टोपी घालून.

व्हायचं तेच झालं. न्यूयॉर्कच्या कुठल्या तरी सट्टेबाजानं हुडकून काढलं की या नावाचा माणूस डॉकची गाडी चालवतो. त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. एकात एमिल डॉकसाठी दार उघडतोय, दुसऱ्यात बाजारातला एमिल. खाली लिहिलं, 'हिचा स्वतःचा माणूस विरुद्ध पैसे लावतोय. याला आतलं काहीतरी माहीत आहे.' झालं. कधी आयोवाचा मका न पाहिलेली माणसं डॉकचे कागद विकत सुटली. तिचा भाव धाडकन खाली. मग टीव्हीवाले म्हणाले, बाजारात डॉक घसरली. मग तिला देणगी देणारे म्हणाले, हरणाऱ्या घोड्यावर पैसे कशाला? एका माणसाच्या बोटीनं एवढं केलं. आणि त्या न्यूयॉर्कवाल्याला एकानंही विचारलं नाही, बाबा, तू आम्हाला ओळखतोस का?

सोसायटीत सकाळी कॉफीला जे टेबल बसतं तिथं दुसऱ्या दिवशी एमिलची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. मी स्वतः बघितलं. माझा भाऊ हातात कप घेऊन उभा, आणि सगळे आपापल्या कपात बघतायत.

वेंडेल म्हणाला, "उभाच राहा, एमिल. तुला दोन्ही बाजूंना पाय ठेवायची सवय आहे."

कुणीतरी हसलं.

"वेंडेल," मी म्हटलं, "मार्चमध्ये तू सोयाबीन विकलंस. पेरलं होतंस का तेव्हा?"

"ते सोयाबीन आहे, रूडी. ही डॉक आहे."

"आणि ती डार्लीन आहे! तुझ्या बायकोला, हेलनला, असं सुईला बांधून बसवलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"मी गद्दारी केली नसती."

मी टेबलावर अशी मूठ आपटली की साखरेचं भांडं जमिनीवर गेलं. एमिलनं माझा दंड धरला. "चल, रूडी." मी म्हटलं, "मी जाणार नाही, हे जातील." पण कुणी गेलं नाही, आणि शेवटी आम्हीच गेलो. एमिलनं जाण्याआधी वाकून साखर गोळा केली. मला तेव्हा त्याचाच राग आला.

मग डॉक आली. एमिलच्या स्वयंपाकघरात, एका दुपारी, बरोबर तिच्या प्रचाराचा मॅनेजर, शहरातून आणलेला. तो चकचकीत बूट घालून उभा राहिला. डॉक बसली, तिच्या बुटांना शेण होतं. मी बोलावलेला नव्हतो, पण माझ्या भावाच्या घरी मला बोलावणं लागत नाही.

"एमिल," डॉक म्हणाली, "तुला मी ओळखते. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. पण लोकांना कळत नाही."

"मी गाडी चालवणं थांबवतो, डॉक. ते मी ठरवलंच होतं."

"तेवढ्यानं भागणार नाही," मॅनेजर म्हणाला. "ते कागद विका. आम्ही पत्रकारांना सांगू. शिवाय आज भाव चढलाय, तुम्हाला वर पैसेच मिळतील."

"पैसे मिळतील हे मला माहीत आहे," एमिल म्हणाला.

"मग अडलंय कुठं?"

एमिल बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आज विकले तर तो नफा झाला. नफा काढला म्हणजे मी सट्टा खेळलो. मी सट्टा खेळलेलो नाही. मी हिची सोय केली. डॉक, तुम्ही हरलात तर हिला कोण नेणार, ते सांगा. मी लगेच विकतो."

मॅनेजर घड्याळाकडं बघायला लागला. डॉक डार्लीनकडं बघत होती.

डार्लीन ओट्याशी डम्पलिंगचं पीठ मळत होती, हाताच्या नसा फुगलेल्या, सगळीकडं सुयांचे डाग. ती न वळता म्हणाली, "डॉक, तुम्ही माझ्या आजारी गाईला वासरासकट वाचवलंत, मी तुम्हालाच मत देणार. पण हा माणूस पावसाळी बूट आणि छत्री दोन्ही घेऊन चर्चला जातो. त्याला आज बदलायला आलात तर तुम्हाला चाळीस वर्षं उशीर झालाय. डम्पलिंग खाणार का?"

मॅनेजर नको म्हणाला. डॉकनं खाल्लं. जाताना तिनं एमिलच्या खांद्यावर हात ठेवला, पण बाहेर पत्रकारांना काय सांगितलं? 'श्री. कुबिचेक यांचा आमच्या प्रचाराशी आता संबंध नाही.' श्री. कुबिचेक! तिच्यासाठी गाडीचं दार उघडणाऱ्या माणसाला! मी त्या दिवशी माझ्या अंगणातली तिची पाटी उपटून गोठ्यात टाकली. एमिलनं येऊन ती पुसली आणि पुन्हा लावली.

पुढचे दिवस कसे गेले सांगू? चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही तिघंच. कुणी एमिलच्या पिकअपवर खडूनं 'भाव काय?' असं लिहिलं. सोसायटीत त्याच्या टेबलावर कुणी बसेना. शेतकरी धान्य घेऊन बाजूच्या गावाला जायला लागले, जास्त पेट्रोल जाळून. मूर्ख. मी ज्याला ज्याला भेटलो त्याला त्याला सुनावलं. तीन जणांचं काम मी मधेच सोडलं, खड्डे तसेच ठेवून. पडा म्हटलं त्यात.

निवडणूक झाली. मोजणी इतकी अटीतटीची की निकाल कळायला पुढचा आठवडा उजाडला. डॉक जिंकली. थोड्या मतांनी, पण जिंकली.

एमिलचे कागद शून्य झाले. बोट गेली. आणि हा माणूस बेकरीत जाऊन खसखशीच्या आणि जर्दाळूच्या कोलाचांचे, आमच्या गोड भरल्या पावांचे, दोन मोठे खोके घेऊन सोसायटीत गेला, तोंडभर हसत. मी मागोमाग गेलो, कारण मला माहीत होतं काय होणार.

"घ्या रे," एमिल म्हणाला, "डॉक जिंकली."

वेंडेल म्हणाला, "तुझे पैसे बुडाले ना?"

"सगळे!" एमिल म्हणाला, अशा आनंदानं की बघवेना.

कुणी खोक्याला हात लावला नाही. वेंडेल म्हणाला, "चांगली अद्दल घडली," आणि सगळे उठून गेले. आनंद आणि नुकसान एकाच गोष्टीचं असू शकतं, हे दर वसंतात करणाऱ्या माणसांना समजलं नाही! मी त्या कोलाचा गाडीत घालून घरी आणल्या आणि रागारागात एकट्यानं खाल्ल्या. पोट दुखलं. दुखू दे.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. मार्चअखेर खोली बंद.

डॉकनं वॉशिंग्टनहून फोन केला. स्पीकरवर होता, मी ऐकलं. "एमिल, मी सगळ्यांना भेटले. कंपनीच्या अध्यक्षाला भेटले, संसदेतल्या समितीला भेटले. ती खासगी कंपनी आहे, मी त्यांना भाग पाडू शकत नाही. मी अजून प्रयत्न करतेय."

"मला माहीत आहे, डॉक," एमिल म्हणाला. "तुम्ही प्रयत्न करणारच."

फोन ठेवल्यावर मी ओरडायला लागलो. हॉलमध्ये उभं राहून शब्द दिला होता, सगळ्या गावासमोर, आता भाग पाडू शकत नाही म्हणे! एमिल खुर्चीत बसून भिंतीकडं बघत होता. त्याचा चेहरा मी तसा फक्त बाबांच्या अंत्यविधीला पाहिलाय.

"रूडी, ओरडू नकोस. चूक माझी आहे."

"तुझी?"

"शिकागोला भाव चढतो आणि आपल्या गोदामात पडतो, असं होतं कधीकधी. रेल्वेचे डबे मिळत नाहीत, नदी गोठते. वायदा शिकागोचा असतो, माल इथला असतो. दोन्ही नेहमी बरोबर चालतात असं नाही. मी रोज येणाऱ्यांना हेच बजावतो. मी निवडणुकीचा भाव बांधला. मला खोलीचा बांधायला हवा होता. त्या दोन गोष्टी एक आहेत असं मी धरून चाललो."

"मग खोलीचा बाजार कुठं होता?"

"नव्हता," तो म्हणाला. "तेच तर."

बोट गेली, खोली गेली, इज्जत गेली. आणि तो स्वतःलाच दोष देतोय! मला वाटलं, बाहेर जाऊन अख्ख्या गावाला मशीननं उकरून काढावं.

मार्च संपला. पहिले दोन आठवडे मीच नेलं डार्लीनला, माझं काम सोडून, आणि अभिमानानं नेलं. पण बर्फ वितळला की माझा हंगाम सुरू होतो, ओल्या जमिनीत पाइप टाकायचे ते दिवस. एमिल म्हणाला, तू काम कर, मी नेतो. डार्लीन म्हणाली, तुला ट्रक दिसत नाही, ट्रकचा दिवा दिसतो, आणि एकाचे दोन दिसतात.

एका रविवारी वेंडेल प्रोकोप एमिलच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. मी व्हरांड्यात होतो. मी उठून दार अडवलं.

"काय पाहिजे?"

"एमिल आहे का?"

"तुझ्यासाठी नाही."

"रूडी, मला आत तरी येऊ दे. आमची हेलन म्हणाली... म्हणजे मी ऐकलं की डार्लीनला मंगळवारी..."

"ऐकलंस ना? आता जा. कुबिचेकांना तुझी गाडी नको. भिकारी नाही आम्ही. ज्या तोंडानं गद्दार म्हणालास त्याच तोंडानं आता—"

"मी चुकलो म्हणायला आलोय."

"चुकलो म्हटलं की झालं? चर्चमध्ये म्हण! सोसायटीत म्हण, त्या टेबलावर चढून म्हण! माझ्या भावाची खुर्ची भिंतीला लावलीस तू!"

वेंडेलची मान खाली गेली. मी अजून बरंच बोललो. मला जे जे आठवत होतं ते सगळं बोललो, त्याच्या बापापर्यंत गेलो. एमिल आतून आला होता आणि माझ्या मागं उभा होता. त्याला सूडही घेता येत नाही आणि माफही करता येत नाही पटकन. तो नुसता उभा राहतो.

तेवढ्यात डार्लीनचा आवाज आला, स्वयंपाकघरातून. "रूडी! दारातून बाजूला हो."

"डार्लीन, हा वेंडेल आहे."

"मला ऐकू येतं. वेंडेल, तुझ्या गाडीची सीट मागं झुकते का?"

"झुकते," वेंडेल म्हणाला. "पूर्ण झुकते. हीटर पण आहे सीटला."

"मंगळवारी पहाटे साडेपाचला निघावं लागतं. हेलनला सांग, येताना मला ओकाऱ्या होतात, जुने टॉवेल घालायचे. गुरुवारी कोण येणार?"

"गुरुवारी सोसायटीतला स्टॅन्ली येतो म्हणालाय. शनिवारी हेलन."

"डार्लीन, तुला काही अभिमान आहे की नाही?" मी म्हटलं.

ती दारात आली. हात पुसत, बारीक झालेली, माझ्या खांद्याएवढी. "रूडी, अभिमान तुझ्याकडं पुरेसा आहे. मला मंगळवारी खुर्चीवर बसायचंय. बाजूला हो."

मी बाजूला झालो. वेंडेल आत आला. एमिलनं त्याला खुर्ची दिली, कॉफी ओतली. दोघं रस्त्याच्या नकाशावर बोट ठेवून, कुठल्या पुलावर काम चाललंय आणि कुठून वळसा घालायचा, ते बघत बसले.

मी कॉफी घेतली नाही. व्हरांड्यात उभा राहिलो. मंगळवारी साडेपाचला वेंडेलची गाडी आली तेव्हाही मी तिथंच उभा होतो, टॉवेल वेळेवर आणलेत की नाही बघायला. आणले होते. डार्लीनला मी हात धरून बसवलं, सीट मागं केली, दार लावलं. वेंडेलनं खिडकी खाली करून मला "गुड मॉर्निंग, रूडी" म्हटलं.

मी उत्तर दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही.